चाँदबीचा अबोला

हात कानापर्यंत गेलेच होते, तेवढ्यात मागून मुबीन ओरडला, "अब्बा, थांबा! उलट्या अंगाला उभं राहिलाय तुमी."

लियाकतभाई नदाफांनी हात खाली घेतले. घ्या! आता पोरगा बापाला नमाज शिकवणार. समोर सूर्य चांगला कलला होता, डोळ्यांत घुसत होता. इंदापुरात साठ वर्षं ते मावळतीकडं तोंड करून उभे राहत आले. मक्का मावळतीला, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मुबीनच्या म्युनिकच्या घरात गोष्ट वेगळी होती. चार भिंतींत कुठली उगवत आणि कुठली मावळत! तो चटई अंथरेल तिकडं उभं राहायचं. पण इथं उघड्यावर, सूर्य दिसत असताना माणूस चुकेल कसा?

इथं म्हणजे आल्प्सच्या डोंगरात, तीन हजार मीटरच्या आसपास, एका दगडी हटच्या अंगणात. हट म्हणजे डोंगर चढणाऱ्यांची धर्मशाळाच. बूट खाली काढून ठेवायचे, त्यांनी दिलेल्या सपाता घालायच्या, साडेसहाला सगळ्यांनी बाकावर दाटीवाटीनं बसून सूप प्यायचं आणि माळ्यावरच्या एका लांबलचक गादीवर चौदा जणांनी ओळीनं झोपायचं. लियाकतभाईंचं इंदापुरात कापसाच्या गाद्यांचं दुकान. आल्या आल्या त्यांनी गादी दाबून बघितली होती. "फोम!" म्हणाले, आणि विषय संपवला. डोंगराबद्दल बोलायला तर काही नव्हतंच. दुपारभर धुक्यातून चढले होते. पुढं मुबीनच्या टाचा, बाकी सगळं पांढरं.

आणि खरं सांगायचं तर त्यांचा जीव डोंगरात नव्हताच. तो इंदापुरात अडकला होता.

मुबीननं तिकिटं दोघांची काढायची म्हटली होती. चाँदबी म्हणाली, "माझं गुडघं कसलं डोंगर चढत्यात! तुमी जावा." आता बायको 'जावा' म्हणाली म्हणून कुणी जातं का? चाळीस वर्षं संसार करून माणसाला एवढं कळू नये! लियाकतभाई खुशाल निघाले. तेव्हापासून चाँदबीनं जो अबोला धरला, त्याचा आज बारावा दिवस. फोन केला की लेक शबीना उचलायची, "अम्मी कामात हाय" म्हणायची, आणि मागून अम्मीचा खोकला स्वच्छ ऐकू यायचा. कालपासून तर रेंजही गेली. असली रुसलेली ती आजवर कधी बघितली नव्हती. घरी गेल्यावर तरी बोलेल का, का उरलेलं आयुष्य असंच मुक्यानं काढायचं, ही धास्ती पाठीवर घेऊनच ते डोंगर चढले होते.

मुबीननं हातातल्या काठीनं मातीत रेघ ओढली. "हे बघा. मधी मक्का. इंदापूर तिच्या उगवतीला, म्हणून तितं आपण मावळतीकडं तोंड करतो. पण आत्ता आपण तिच्या दुसऱ्या अंगाला आलोय. हितनं मक्का उगवतीला, जरा दक्षिणेला कलून."

लियाकतभाई वाकून रेघ बघत राहिले. "म्हंजे विमानानं मला मक्का वलांडून पल्याड आणलं?"

"व्हय."

"आन् मला कुणी सांगितलं न्हाय!"

पुटपुटत त्यांनी चटई उचलली, मागं वळले, आणि चटई हातातच राहिली.

या अंगाचं धुकं आत्ता फाटलं होतं. जिथं आभाळ असायला पाहिजे तिथं डोंगर होता. लियाकतभाईंनी मान वर केली, आणखी वर केली, टोपी मागं घसरली तरी डोंगर संपेना. वरपासून खालपर्यंत बर्फ, पिंजून ढीग घातलेल्या कापसासारखं. त्यात निळ्या भेगा. कुठंतरी बर्फाचा कडा सुटला, आधी नुसता खाली येताना दिसला आणि आवाज मागाहून आला. अंगणातली गोरी माणसं हातातले कप तसेच धरून वर बघत उभी होती. उसाच्या तुऱ्यापेक्षा उंच काही रोज नजरेला न पडणारा हा माणूस. त्याच्या तोंडून "या अल्ला" एवढंच निघालं, आणि डोळे भरून आले. ज्यानं हे उभं केलं त्याच्यापुढं आपण केवढे! आणि हे एकट्यानं बघायचं म्हणजे पाप, हेही त्यांना त्याच घडीला वाटलं. चाँदबीला उचलून आणायला पाहिजे होतं. गुडघ्यांसकट.

मुबीननं चटई त्यांच्या हातातून घेऊन नीट अंथरली. लियाकतभाई तिच्यावर उभे राहिले, पण हात वर करेनात. खाली मातीतल्या रेघेकडं बघत होते. एका टोकाला इंदापूर, मधी मक्का, दुसऱ्या टोकाला आपण.

"मुबीन, आत्ता इंदापुरात किती वाजलं?"

"हितं सहा, म्हंजे तितं साडेनऊ. का?"

साडेनऊ. म्हणजे भांडी आवरून झाली, दाराला कडी लागली. लियाकतभाईंनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं. खिशातून कंगवा काढून दाढी विंचरली. टोपी दोन्ही हातांनी सरळ केली.

"अब्बा, नमाजाला कुणी एवढं नटतं व्हय?"

"तुझी अम्मी आत्ता रातच्या, इशाच्या नमाजाला उभी राहिली असंल, मावळतीला बघत," लियाकतभाई डोंगरावरची नजर न काढता म्हणाले. "मधी मक्का, आन् हिकडं मी. रुसली असली तरी तोंड माझ्याकडंच हाय तिचं."