देवीचं न्हाण

"अगं, कपाळावरून खाली पुसत ये! खालून वर नको!" तळ्याकडे पाठ करून मी ओरडले.

दरवर्षी हेच. शेतं पिकावीत म्हणून धरित्रीदेवीची लाकडी मूर्ती झाकलेल्या गाडीतून गावोगाव फिरते आणि शेवटी या तळ्यात तिला न्हाऊ घालतात. न्हाऊ घालणाऱ्या दोन दासी. उघडी देवी जो पाहील त्याला तिथंच बुडवायचं, असा नियम. म्हणजे शिकलेलं माणूस पुढच्या वर्षाला उरतच नाही! मी पुजारीण, तीस वर्षं पाठमोरी उभी राहून नव्या बायांना तेच ते शिकवतेय.

"बाई, घासलं की रंग निघतोय," थोरली दासी म्हणाली.

"हळू घास ना!"

"हळूच घासतेय. आता नाकाचा टवका उडाला."

माझं डोकंच फिरलं. तरातरा पाण्यात शिरले, तिच्या हातातला बोळा हिसकावला. "असं! बोटांच्या टोकांनी. कळलं?"

"कळलं हो. पण आता कळून काय उपयोग?"

देवी लखलखली. तिला कापडात गुंडाळून मी बाहेर आले.

दासींना बांधून बुडवायला आलेले दोघे दोरवाले झाडाखाली पाठ करून बसले होते, ते आता वळले. त्यांनी माझ्या झग्याकडे पाहिलं. तो कमरेपर्यंत भिजलेला होता. एकानं खाली मान घालून तिसरा दोर उलगडला; दुसरा माझ्या मनगटांवर गाठ मारू लागला.

"अरे, अशानं सुटेल ती," मी म्हणाले. "आधी पीळ दे. किती वेळा सांगायचं?"