अक्कांची मंगलाष्टकं

लग्नसराईने डीजे शंतनू पार पिचून गेला होता. देवासच्या कार्यालयात, भर दुपारी, तो स्पीकरला टेकून डुलक्या घेत होता.

"सनई लावा हो!" कुणीतरी ओरडलं.

त्याने लॅपटॉपच्या सर्चमध्ये 'सनई' टाइप केलं. आली एकच, तीही भलतीच फाइल: 'अक्का, मंगलाष्टकं'. इथे मंगलाष्टकं घरचीच माणसं म्हणतात आणि तो ती रेकॉर्ड करून ठेवतो. पण ही अक्का कोण, ते आठवेना. त्याने हेडफोन लावले.

"भिया, माइक चालू कर ना," एका म्हातारीचा आवाज 'भैया'चं इथलं 'भिया' करत म्हणाला. पहिल्याच कडव्यात जान्हवी आणि अजेय, आजच्याच नवरानवरीची नावं. तिसऱ्या कडव्यात आवाज मधेच तुटला. खुर्च्या सरकल्या. "अक्का! डोळे उघडा!"

त्याने फाइल पुसली. पुन्हा शोधली, तर होतीच. झोप नाही, दुसरं काय, असं म्हणून त्याने डोळे चोळले.

अंतरपाट धरला गेला. नवरीची आजी काठी टेकत पुढे आली. "या, अक्का," कुणीतरी वाट करून दिली.

"भिया, माइक चालू कर ना."

शंतनूने माइकच्या बटणावरचं बोट काढून घेतलं. तरीही, माइक बंद असताना, स्पीकरमधून तिची मंगलाष्टकं सुरू झाली. खुर्च्या ढकलत तो तिच्याकडे धावला, तेव्हा दुसरं कडवं संपलं होतं.

अक्कांनी खोल श्वास घेऊन तिसरं उचललं.