पान उलटणारं माणूस

“अंगात एकशे एक ताप आहे, आणि म्हणे चर्चला येते!” मास्तर खोलीत येरझारा घालत म्हणाले.

बायको पलंगाच्या कडेला बसून गरम पाण्याच्या भांड्यात बोटं शेकत होती. “मग तुम्ही एकटे जाणार आहात का?”

एकटं जाणं मास्तरांना शक्यच नव्हतं. आणि नेमका आजच सत्कार! चर्चमध्ये चाळीस वर्षं ऑर्गन वाजवून सेवा केली म्हणून उपासनेनंतर मानपत्र मिळणार होतं. दुसरा कुणी असता तर हवेत तरंगला असता. मास्तरांना मात्र रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता.

तेवढ्यात कमिटीचे चिटणीस आलेच. यांच्या तोंडाचा पट्टा एकदा सुटला की सुटला. चहा येण्याआधीच त्यांनी मानपत्र वाचायला घेतलं. अखंड सेवा, नम्र स्वभाव, देवानं दिलेली बोटं...

मास्तरांनी उजवा हात कोटाच्या खिशात घातला.

“आणि शेवटी वहिनींसाठीही एक ओळ घातलीय बरं का! ‘स्वरलिपीची पानं उलटून पतीला साथ देणाऱ्या पत्नीचेही आभार.’”

“एकच ओळ?” मास्तरांनी विचारलं.

“अहो, पानं उलटण्यावर आणखी किती लिहिणार?” चिटणीस हसले. मग त्यांचं लक्ष वहिनींच्या लालबुंद चेहऱ्याकडे गेलं. “वहिनी, तुम्ही आपल्या झोपा. माझी सून बसेल मास्तरांशेजारी. तिला स्वरलिपी वाचता येते.”

“नको!” मास्तर एवढ्यांदा ओरडले की डाव्या हातातल्या कपातला चहा बशीत सांडला. “हिच्याशिवाय मला जमत नाही.”

“कमाल आहे! या वयातही बायकोचा पदर सुटत नाही तुमचा,” म्हणत चिटणीस निघून गेले.

बायकोनं हात पुसले, तापाची गोळी घेतली आणि दर रविवारसारखी मास्तरांच्या कोटाची बटणं लावू लागली.

“आज मी सगळं सांगून टाकणार,” मास्तर म्हणाले.

“काही सांगायचं नाही. माझं काय अडलंय?”

“माझं अडलंय ना! लाज वाटते गं मला. साऱ्या मंडळीनं मला डोक्यावर घ्यायचं आणि तुला एक ओळ?”

“देवाला ठाऊक आहे तेवढं पुरे. चला, उशीर होतोय.”

ऑर्गन चर्चच्या मागच्या बाजूला, उंच गॅलरीत होता. पुढे लाकडी आडोसा असल्यामुळे खालून वरचं काहीच दिसत नसे. तो अरुंद जिना चढताना बायको तीनदा थांबली. बाकावर दोघं नेहमीसारखी खेटून बसली.

उपासनाभर मास्तरांचा जीव थाऱ्यावर नव्हता. कधी कपाळावरचा घाम पुसत, तर कधी बायकोच्या चेहऱ्याकडे बघत. तिचे डोळे तापानं जड झाले होते. खाली पाळकसाहेब, सेवा कशी निमूटपणे करावी यावर बोलत होते. ते ऐकून मास्तरांना बसवेना.

शेवटचं गीत सुरू झालं. मंडळी उठून गाऊ लागली. गीत संपल्यावर मास्तरांनी खाली यायचं, असं चिटणिसांनी ठरवून दिलं होतं. मास्तर दुसऱ्या कडव्यालाच उठले.

बायकोनं डोळे मोठे करून मान हलवली. नको, नको. मास्तरांनी तिच्या तापलेल्या पाठीवर क्षणभर हात ठेवला आणि ते जिना उतरू लागले.

मधल्या वाटेनं ते पुढे निघाले. शेवटच्या बाकावरच्या सुताराला ते आधी दिसले. त्याचा आ वासलेला तसाच राहिला. मग त्याची रांग गप्प झाली, मग तिच्या पुढची. वेदीपाशी मानपत्र घेऊन उभे असलेले चिटणीस आयुष्यात पहिल्यांदा बोलायचे थांबले.

मास्तरांनी खिशातून उजवा हात काढून सगळ्यांसमोर धरला. तीन बोटं तळव्याशी वळली होती, ती काही उघडेनात.

आता चर्चमध्ये कुणीच गात नव्हतं, आणि वर ऑर्गन तिसऱ्या कडव्यात शिरला होता.