बाबांशी वाद

सिल्वेस्टर पारखे यांची मुलगी सुझाना लग्नानंतर घरचं कॅथलिक चर्च सोडून भनपुरीच्या दुसऱ्या पंथाच्या चर्चमध्ये जाऊ लागली. स्वर्गातल्या संतांना 'आमच्यासाठी प्रार्थना करा' म्हणणं तिला पटेना; मेलेल्यांना काही ऐकू येत नाही, असं ती म्हणायची. दर रविवारी माहेरी वाद व्हायचा. बाबा बायबलातलं प्रकटीकरणाचं पुस्तक उघडून दाखवायचे, रोमच्या भुयारी कबरींच्या भिंतींवर पहिल्या ख्रिस्ती लोकांनी संतांना लिहिलेल्या विनंत्या सांगायचे, आणि शेवटी विचारायचे, "देवापाशी पोचलेला माणूस मेला कसा म्हणतं तू, पोरी?" सुझाना मात्र हटायची नाही.

जानेवारीत बाबा गेले. पुढच्या रविवारी आई चहा घेऊन त्यांच्या खोलीपाशी आली आणि दारातच थांबली. आत सुझाना बायबल मांडीवर घेऊन त्यांच्या पलंगाकडे तोंड करून बसली होती.



"मले माहीत आहे बाबा, तुम्हाले काहीच ऐकू येत नाही," ती म्हणाली, आणि उत्तराची वाट पाहत राहिली.