चौथं भोक

सातव्या महिन्यात लेक बाळंतपणाला आली तेव्हा तिच्या चपलेचा पट्टा काचत होता. बापाचा धंदाच चपला शिवण्याचा. त्याने आरीने पट्ट्याला एक भोक वाढवलं. दहा दिवसांनी दुसरं, मग चारच दिवसांत तिसरं. "बाबा, आता चप्पल नको, होडीच बांधा," ती म्हणाली. "पहिलटकरणीचे पाय सुजतातच," शेजारीण म्हणाली. तपासणी महिनाअखेरीला होती. डोकं ठणकायला लागलं, तर बापाने बाम आणून दिला. चौथं भोक पाडून घ्यायला ती दुकानात आली आणि झटके येऊन बाकावरून कोसळली. बाळ वाचलं, ती गेली. "रक्तदाब फार चढला होता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काका, पायांवर सूज कधीपासून होती?" बापाने पिशवीतून तिची चप्पल काढली आणि एकेका भोकावर बोट ठेवत तिन्ही तारखा सांगितल्या. "मापात मी कधी चुकत नाही, बाई," तो म्हणाला.