पिकअप आला

हार. नारळ. जुनी बेस गिटार. दारात सासरे, गाडीच्या पूजेच्या तयारीत.

"पिकअप आला म्हणालीस ना, देवयानी? गाडी कुठाय?"

मी दोन डब्या उघडल्या. "गाडी नाही हो, बाबा. गिटारचा आवाज पकडणारे पिकअप. जुना मधेच घूं घूं करत गुणगुणतो. आज कार्यक्रमात गुणगुणला, तर मालक मला ऑर्केस्ट्रातून काढणार. यातला कुठला बसवू?"

"लोड कुठला जास्त उचलतो?"

मी हसले. मग सुचलं, गाणाऱ्याचा भार बेसच तर उचलतो. "बाबा, तुम्ही गा."

दोन्ही आळीपाळीनं जोडून वाजवले. गुणगुण दोन्हींत नव्हती. पण चकचकीत पिकअपनं त्यांचं गाणं दाबून टाकलं. साध्यावर बेसनं त्यांचा घोगरा आवाजसुद्धा अलगद उचलून धरला. तोच बसवला.

संध्याकाळी गायिकेनं टाळ्या माझ्याकडे वळवल्या. प्रेक्षागृह उठून उभं राहिलं. मालकही.

कार्यक्रमाच्या पोस्टरवर मात्र माझं नाव छापलंच नव्हतं.