वाटीतली साखर

"पण शून्य टाकलं तर बिघडलं कुठे?" रत्नाने पुन्हा विचारलं.

"बिघडलं तरी कळणार नाही, हेच बिघडलं, रत्नाताई," मनन म्हणाला.

जळगावातल्या त्या छोट्या कंपनीत केळी पिकवायच्या खोल्यांसाठी यंत्रं बनत. खोलीचं तापमान बघून थंडावा चालू-बंद करायचा, हे यंत्राचं काम. आणि यंत्राला ते शिकवणारा कोड लिहायचा, हे रत्नाचं. कोडात आकडे ठेवायला व्हेरिएबल लागतात. डबेच म्हणा ना. नवा डबा मांडला की रत्ना आधी त्यात शून्य टाकायची, मग पुढचं बोला. शेजारच्या टेबलावर कोड लिहिणाऱ्या मननचं म्हणणं उलटं. डबा रिकामाच मांडावा. पुढे तो भरायचा राहून गेला, तर कोड तपासणारा कंपायलर आपणहून ओरडतो.

"डब्यात शून्य दिसलं, तर ते खरंच मोजलेलं शून्य, की कोणी मोजलंच नाही? कसं ओळखणार?"

"आमच्या धुळ्याकडे रिकामं भांडं कोणाच्या हातात देत नाहीत," रत्ना म्हणाली आणि तिने विषय मिटवला. वयाने लहान पोराकडून शिकायचं म्हणजे जरा जडच जातं.

बरं, तिचा हा नियम काही कोडापुरता नव्हता. ती धापूबाईंच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहायची. धापूबाई, म्हणजे तिच्या अक्का, खाली एकट्या. रोज सकाळी रत्ना कांदा-लसूण न घालता केलेली भाजी, कधी कढी, वाटीत भरून खाली पाठवी. धुतलेली वाटी दुसऱ्या दिवशी जिन्याच्या पायरीवर असे. रत्नाकडे धुणं-भांडी करणारी भिकुबाई जिना झाडता झाडता ती वर घेऊन येई.

वाटी कधी रिकामी आली नाही. कधी मेथीच्या लाडवाचा तुकडा, कधी दोन पापड, कधी परसातलं लिंबू. संक्रांतीपासून मात्र नुसती चिमूटभर साखर. अक्कांनी हात आखडता घेतलाय वाटतं, असं म्हणून रत्ना हसायची आणि ती साखर चहात टाकायची.

हल्ली तिचं खाली जाणं होत नव्हतं. धुळ्याच्या एका व्यापाऱ्याकडे यंत्र बसवायचं होतं, तेव्हा सकाळी लवकर बाहेर आणि दिवेलागणीनंतर घरी. पण वाटी येत होती, वाटीत साखर होती, म्हणजे खाली सगळं ठीक होतं. धापूबाईंचा मुलगा अनुज सुरतेला. घराला कुलूप लावून इकडे या, असं त्याने केव्हाचं धरून ठेवलेलं. म्हणून बाई कधी कुरकुरत नसत. घरातलं सगळं आपलं आपण करत आणि दुखलंखुपलं तर मनातच ठेवत.

मग एके दिवशी भिकुबाई भाचीच्या लग्नाला एरंडोलला गेली. रत्ना घाईघाईत जिना उतरली. खालच्या पायरीवर वाटी होती, स्वच्छ धुतलेली. रिकामी.

विसरल्या असतील, तिला वाटलं. बाहेर रिक्षा थांबली होती. ती फाटकापर्यंत गेलीसुद्धा. पण डबा भरायचा राहून गेला तर, हे मननचं बोलणं डोक्यातून जाईना. ती मागे फिरली आणि तिने धापूबाईंचं दार लोटलं.

अक्का स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पडल्या होत्या. डोळे उघडे होते, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता आणि उजवा हात लुळा पडला होता. रत्नाने रिक्षावाल्याला हाक मारली. दोघांनी मिळून त्यांना उचललं आणि दवाखाना गाठला.

"वेळेत आणलंत," डॉक्टर म्हणाले. रत्ना तिथेच बाकावर बसून रडली. इतकं हलकं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने मननपुढे पेढ्यांचा पुडा ठेवला. "तुझ्यामुळे माझी अक्का वाचली," ती म्हणाली. मग खुर्ची ओढून एकेक शून्य काढून टाकायला बसली. कंपायलर एका जागी ओरडला. तापमान मोजणारी वायर तुटली, तर तो डबा भरायचाच राहत होता. शून्य असतं तर खोली बर्फासारखी गार आहे असं समजून यंत्राने थंडावा बंद केला असता आणि व्यापाऱ्याची केळी आतल्या आत शिजली असती. रत्नाने मननला चक्क हात जोडले. पोरगा कानापर्यंत लाल झाला.

धापूबाई घरी आल्या, तेव्हा भिकुबाईही परतली होती. अनुज दाराशीच रत्नाच्या पाया पडायला वाकला. तिने त्याला अर्ध्यातच धरलं. तो औषधं आणायला गेल्यावर ती पलंगापाशी बसली आणि तिने अक्कांचा हात हातात घेतला.

"तू आलीस, बेटा," धापूबाई म्हणाल्या. शब्द अजून जड येत होते. "तुझे उपकार कसे फेडू?"

"माझे कसले, अक्का? त्या वाटीचे उपकार. एक दिवस रिकामी दिसली, म्हणून तर धावले."

धापूबाईंनी मान हलवली.

"एक दिवस? संक्रांतीपासून रिकामीच ठेवत होते मी. चक्कर यायची, हात उचलायचा नाही. तोंडाने सांगायचं कसं, अनुज लगेच घेऊन गेला असता. म्हटलं, आपल्यात रिकामी वाटी कोण परत देतं? रत्ना बघेल आणि खाली येईल. रोज वाट बघायची."

चहा घेऊन आलेली भिकुबाई दारातच थांबली.

"रिकामी वाटी वर कशी आनू, ताई?" ती म्हणाली. "रोज मीच चिमूटभर साखर टाकीसन आनत व्हते."